मांडव्याहून मुरुडला ट्रायमरान नेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: दोघा भावांनी गोव्यातून एक जुना 22 फुटी ट्रायमरान घेतला आहे, म्हणजे मधला हल (बोटीचं मुख्य अंग) आणि दोन्ही बाजूंना आडव्या बीमने जोडलेली एकेक तरंगती उलांडी; बीम दुमडून तो ट्रेलरवर चढतो. याआधी त्यांनी किलबोट, म्हणजे बुडाला शिशाने जड केलेली किल असलेली शिडाची बोट, मुंबई बंदरात चालवली आहे. डिसेंबरात मांडव्याहून मुरुडला जायचं आहे, जमलं तर पुढच्या हंगामात रत्नागिरीला. पैसे मर्यादित आहेत. बोटीत काय तपासावं, काय बसवावं आणि कशात काटकसर चालणार नाही, हे त्यांना हवं आहे.

सामानाकडे येतोच. पण आधी तुमच्या जुन्या सवयीबद्दल बोलू, कारण धोका सामानापेक्षा तिथे जास्त आहे. किलबोटीवर वारा वाढला की बोट कलते, थर्मास घरंगळतो, सुकाणू जड होतं, आणि तुम्ही निमूट शीड कमी करता. कललेल्या शिडातून वाराही निसटतो, खालचा शिशाचा भार बोट परत उभी करतो. म्हणजे बोट तुम्हाला वेळेत घाबरवते. ट्रायमरान घाबरवत नाही. वारा वाढला की तो कलायच्या ऐवजी पळतो, आणि पळणाऱ्या बोटीवर सगळ्यांनाच मजा वाटते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे 12 नॉटचा वारा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) 17 झाला की शिडावरचा भार दुप्पट होतो, आणि हे डेकवर बसून कळेलच असं नाही. किलबोट जितकी कलते तितकी, बऱ्याच मोठ्या कोनापर्यंत, परत उभं राहायची तिची ताकद वाढत जाते. ट्रायमरानची ती ताकद थोड्याशा कोनातच शिखराला पोचते आणि मग घटत जाते. उलटला तर तो उलटाच स्थिर राहतो, आपण होऊन सरळ होत नाही.

म्हणून माझ्या दृष्टीने सगळी तयारी दोन प्रश्नांभोवती फिरते. शिडातला वारा एका सेकंदात सोडता येतो का? आणि बोट उलटी झालीच, तर हाताला काय लागतं? कुठलीही वस्तू विकत घेताना तिला हे दोन प्रश्न विचारा, खर्च आपोआप आटोक्यात येईल.

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करू. मेनशीट आणि जिबशीट, म्हणजे मुख्य शीड (मेनशीड) आणि पुढचं छोटं शीड (जिब) ताणणारे दोर, कॅम क्लीटमध्येच (दोर दातांत धरून झटक्यात सोडणारी पकड) असावेत आणि सुकाणूवर बसलेल्या माणसाचा हात जागेवरून न उठता त्यांच्यापर्यंत पोचला पाहिजे. जुन्या बोटीत क्लीटचे दात झिजलेले असतात. मग लोक दोर निसटू नये म्हणून शिंगाच्या क्लीटवर आठाचे वेढे मारतात आणि वर एक गाठ. ती गाठ ताणाखाली सुटत नाही. कॅम बदला, काही हजारांचं काम आहे आणि या बोटीवरचा सगळ्यात शहाणा खर्च तोच. क्लीटचा कोनही बघा. उलांडी दबली असताना, तिरक्या डेकवरून, एका झटक्यात दोर सुटतो का, हे बोट ट्रेलरवर असतानाच दोराला लोंबकळून पाहता येतं.

रीफ, म्हणजे शीड आखडणं. मेनशिडाला दोन रीफ हव्यातच. तुमच्याकडे एकच असेल तर शीड शिवणाऱ्याकडून दुसरी खोल रीफ बसवून घ्या. रीफचे दोर कॉकपिटपर्यंत (बसून बोट चालवायच्या जागेपर्यंत) आणा, डोलकाठीपाशी जाऊन उभं राहायची वेळ येऊ देऊ नका. आता आकडे. तुमच्या बोटीची, तिच्या उलांड्यांची आणि वजनाची नीट ओळख होईपर्यंत मी असं ठरवेन: वाऱ्याचे झोत (अचानक येणारे झपाटे) 14 नॉटला पोचले की पहिली रीफ, 18 ला दुसरी, 22 च्या वर गेले तर जिब पूर्ण गुंडाळून जवळच्या आडोशाकडे. सरासरी वाऱ्याकडे बघायचं नाही, झोताकडे बघायचं. अनुभवी लोक याला भित्रेपणा म्हणतील. म्हणू द्या. एक हंगाम झाला की तुमचे आकडे तुम्हीच वर सरकवाल. पण आकडे कागदावर लिहून कॉकपिटमध्ये चिकटवलेले हवेत, कारण बोट स्वतः काही सांगणार नाही आणि ऐन वेळी दोघा भावांत वाद होईल. हातात धरायचा छोटा वातमापक घ्या.

मुरुडच्या वाटेवर यातला एक खास चकवा आहे. कोकण किनाऱ्यावर डिसेंबरात पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, तो उन्हं चढली की मरतो, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा धरतो. दक्षिणेला जाताना हा वायव्येचा वारा तुमच्या मागून येतो. प्रत्यक्ष वाहणारा वारा 16 नॉट आणि तुमचा वेग 8 असेल, तर मागून येणारा वारा अंगाला जेमतेम 8 चा लागतो. ऊन सुखद, बोट सरळ, सगळं छान. मग काही कारणाने बोट वाऱ्याच्या तोंडाकडे फिरवावी लागते, टोपी पडली, जाळ्याचा बोया आडवा आला, आणि अंगावर एकदम वीसच्या आसपास वारा कोसळतो, तोही पूर्ण शिडावर. म्हणून मागून वारा घेताना दर अर्ध्या तासाला हिशेब करा: आत्ता वळावं लागलं तर हे शीड झेपेल का? झेपणार नसेल तर वळायच्या आधी रीफ. मागून वारा असताना मेनशीड उतरवणं कठीण जातं, कापड डोलकाठीच्या बाजूच्या तारांना चिकटतं, हेही लक्षात ठेवा. लाटा मागून येत असतील तेव्हा माणसं आणि वजन मागे सरकवा. वाऱ्याखालच्या, म्हणजे वारा जिकडे ढकलतो त्या बाजूच्या उलांडीची नाळ (पुढचं टोक) पाण्यात खुपसली गेली की बोट पुढे कोलांटी घेऊ शकते. त्या नाळेवर लाल टेपचा एक पट्टा मारा. पट्टा पाण्याखाली जायला लागला की दोर ढिला.

झोत आला तर काय करायचं, हे दिशेवर अवलंबून आहे आणि ते अंगवळणी पडायला हवं. वाऱ्यावर चढत असाल, म्हणजे वारा पुढून तिरका येत असेल, तर नाळ अजून थोडी वाऱ्याकडे घ्या. वारा मागून असेल तर अजून वाऱ्याखाली पडा, म्हणजे नाळ वाऱ्यापासून दूर वळवा. वारा बरोबर आडवा असेल तर दोन्हीकडे वळण्यात धोका आहे, तिथे फक्त शीट सोडणं हाच उपाय. आडव्या वाऱ्यावर ट्रायमरान सगळ्यात वेगात धावतो, म्हणून तिथे शीट हातातच ठेवायचं. जोराच्या वाऱ्यात डॅगरबोर्ड किंवा सेंटरबोर्ड (बुडातून पाण्यात सोडायची फळी) थोडा वर घ्या. बोर्ड पूर्ण खाली असेल तर बोट त्याला अडखळून उलटते, वर असेल तर बाजूला घसरते आणि भार निघून जातो.

आता बोटीच्या अंगाची तपासणी. ट्रायमरानमध्ये मधला हल, दोन उलांड्या, त्यांना जोडणारे बीम आणि दुमडायचे सांधे असतात. दुमडणाऱ्या बीमची रचना इयन फॅरियर यांनी 1970च्या दशकात रूढ केली, आणि चांगल्या बनावटीच्या बोटींत ती वर्षानुवर्षं टिकते. मात्र जुन्या बोटीत पहिला संशय सांध्यांवरच घ्यायचा. बीम पूर्ण उघडून बोल्ट घट्ट करा आणि उलांडीचं टोक धरून वरखाली जोरात हलवा. टकटक आवाज आला किंवा सांध्यात हालचाल दिसली तर पिना, बुश आणि टेकणाऱ्या पॅड काढून बघितल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही. बीमखाली ताणाच्या स्टीलच्या तारा असतील तर त्यांचं वय विचारा. उत्तर मिळालं नाही तर बदला. तार बाहेरून चकचकीत असते आणि टोकाच्या दाबलेल्या फिटिंगच्या आत कुजते. आपल्याकडच्या उष्ण, खाऱ्या हवेत स्टेनलेस स्टीलही हवा न लागणाऱ्या फटीत चरतं. चेनप्लेट (डोलकाठीच्या तारा बोटीला जिथे अडकवतात त्या पट्ट्या) आणि बीमच्या पट्ट्यांसाठी वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मिळणारा डाय पेनेट्रंटचा संच आणा: लाल द्रव लावा, पुसा, पांढरा फवारा मारा. भेग असेल तर लाल रेघ उमटते. डोळ्यांना न दिसणारं बरंच काही यात दिसतं.

डोलकाठीच्या तारांनाही हेच लागू. किलबोट कलून वाऱ्याला वाट देते, त्यामुळे तिच्या तारांवरचा ताण थोडा तरी सुटतो. ट्रायमरान ताठ उभा राहतो आणि सगळा झटका तारांनी सोसायचा असतो. तेवढ्याच लांबीच्या किलबोटीवर चालणारं सामान इथे कमी पडू शकतं. वर्षातून एकदा डोलकाठी उतरवून प्रत्येक फिटिंग हातात घेऊन पाहा.

उलांड्यांबाबत मी हट्टी आहे. तुमचा सगळा तोल वाऱ्याखालच्या उलांडीच्या तरंगण्यावर उभा आहे. तिच्यात 100 लिटर पाणी शिरलं तर नुसतं 100 किलो वजन वाढत नाही, ते पाणी पुढे घरंगळतं आणि नेमक्या नको त्या वेळी नाळ खाली दाबतं. डोनाल्ड क्रोहर्स्ट 1968 मध्ये जगप्रदक्षिणेच्या शर्यतीला ट्रायमरान घेऊन निघाला, तेव्हा थोड्याच दिवसांत उलांडीच्या झाकणातून पाणी शिरायला लागलं, आणि ते उपसण्याची नळी मागे किनाऱ्यावर राहिली होती. त्याच्या शोकांतिकेची कारणं पुष्कळ, पण सुरुवातीच्या दुखण्यांत हे झाकण होतं. तुमची झाकणं, त्यांच्या रबरी कड्या आणि ड्रेन प्लग सगळे नवे घाला.

गळती शोधायची एक घरगुती पद्धत आहे. उलांडी बंद करा, व्हॅक्यूम क्लीनर उलटा लावून आत हळू हवा भरा, आणि दुसऱ्या भोकाला पारदर्शक नळी यू आकारात वाकवून पाणी भरून जोडा. दोन बाजूंच्या पाण्यात 10 सेंटिमीटरचा फरक पडला की थांबा. एवढा दाबही चौरस मीटरला 100 किलोच्या आसपास असतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावाल तर उलांडी फुटेल. मग सांध्यांवर, बोल्टभोवती, झाकणांवर साबणाचं पाणी सोडा. फुगे येतील तिथे दुरुस्ती. पूर्ण बंद उलांडी उन्हात तापते, आतली हवा फुगते, आणि गार पाण्यात उतरवली की आकसून बारीकशा फटीतूनही पाणी ओढून घेते. म्हणून किनाऱ्यावर उभी असताना झाकणं उघडी ठेवा आणि पाण्यात उतरवायच्या वेळीच बंद करा. प्रत्येक उलांडीत आत आडवी भिंत आहे का ते पाहा. नसेल तर पुढच्या आणि मागच्या टोकात हवेच्या पिशव्या किंवा झाकण घट्ट लावलेल्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या जाळीत बांधून भरा. दिसायला गरीब, कामाला चोख.

हलची साल नाण्याने टकटक करून ऐका. घट्ट आवाज येत येत मध्येच बद्द आवाज आला तर आतला फोम सालीपासून सुटला आहे. बीमच्या बैठकीजवळ आणि डोलकाठीच्या पायाशी असं सापडलं तर फायबरचं काम जाणणाऱ्याला दाखवल्याशिवाय निघू नका.

मधल्या जाळ्या, ज्यांना ट्रॅम्पोलिन म्हणतात, त्या तुमचं अंगण आहेत आणि लोक त्यांच्याकडे सगळ्यात कमी बघतात. रॉब जेम्स हा निष्णात ब्रिटिश खलाशी 1983 मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ आपल्या ट्रायमरानवरून पाण्यात पडून मरण पावला. जाळी बांधलेला दोर तुटला होता. आपल्या उन्हात जाळी आणि दोर झपाट्याने कुजतात. नखाने घासून धाग्याची पूड निघाली तर जाळी गेलीच समजा. नवी बांधताना एकच लांब दोर सगळ्या कड्यांतून ओवू नका, तो एका जागी तुटला की पूर्ण बाजू उघडी पडते. तीन-चार कड्यांमागे वेगळा तुकडा, वेगळी गाठ.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. 14-15 फुटी छोटे ट्रायमरान दोन माणसं आपल्या वजनाने सरळ करू शकतात. तुमचा 22 फुटी दोघांच्याने होणार नाही. त्याला दुसरी बोट लागेल. म्हणून उलटी बोट हेच काही तासांचं घर, असं धरून तयारी करा. न्यूझीलंडजवळ 1989 मध्ये रोझ-नोएल नावाचा ट्रायमरान उलटला. त्यावरची चार माणसं उलट्या बोटीवर 119 दिवस राहून जिवंत किनाऱ्याला लागली. बोट बरीच मोठी होती आणि तुमच्यावर ती वेळ येणार नाही, पण नियम तोच: फायबर आणि फोमची बोट बुडत नाही, तिला सोडून पोहत किनारा गाठायला जाऊ नका, किनारा कितीही जवळ दिसो.

पूर्ण उलटण्याआधी बोट काही क्षण आडवी थांबते. त्या अवस्थेत तिला रोखायचं असेल तर डोलकाठी हवाबंद हवी. पोकळीत वरच्या टोकाला फोम भरा, दोर जाण्याच्या खाचा बुजवा. डोलकाठीच्या शेंड्याला फ्लोट बसवतात तेही वाईट नाही, मात्र 22 फुटी बोटीला पुरेल एवढा फ्लोट शेंड्यावर बराच जड होतो आणि वाऱ्याला अडतो. मी तुमच्या जागी नुसता फोम भरेन.

मधल्या हलच्या बुडावर नारिंगी रंगाचा चांगला मोठा पट्टा द्या. उलटी पांढरी बोट फेसाळ समुद्रात वरून दिसत नाही. बुडाच्या बाजूने हाताला धरता येईल असा एक दोर मागच्या बीमपासून पुढच्या बीमपर्यंत, सरळ बोटीत आड न येणारा, बांधून ठेवा. ओढून सरळ करायला ट्रॉलर आला तर दोर कुठे बांधायचा हे आधी ठरवा: बीम जिथे मधल्या हलला मिळतो तिथे. डोलकाठीला किंवा क्लीटला नाही. तांडेल घाईत जिथे हाताला लागेल तिथे दोर टाकेल, तुम्ही सांगायला हवं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, संकटाची पिशवी. ती केबिनमध्ये ठेवली तर उलट्या बोटीत पाण्याखाली, अंधारात, तरंगत्या गाद्यांच्या मागे जाते. ती मागच्या बीमजवळ जाळीच्या खिशात, वरून आणि खालून दोन्हीकडून हात पोचेल अशी बांधा. आत हातातला व्हीएचएफ (बोटींचा रेडिओ), पीएलबी (बटण दाबताच बचाव यंत्रणेला संकटाची खूण पाठवणारा बीकन), हातात धरायचे लाल फ्लेअर (धोका दाखवणाऱ्या ज्योती), आरसा, हेडलॅम्प, शिट्टी, पाण्याच्या बाटल्या, ओआरएस, टोपी आणि चाकू.

लाइफजॅकेटवरून ट्रायमरानवाल्यांत कायम मतभेद असतात. पाण्यात पडताच आपोआप फुगणारं 150 न्यूटनचं (न्यूटन हे इथे तरंगवण्याच्या ताकदीचं माप) जॅकेट किलबोटीवर उत्तम. पण ट्रायमरान उलटला आणि तुम्ही जाळीखाली सापडलात, तर तेच फुगलेलं जॅकेट तुम्हाला जाळीला खालून चिकटवून ठेवतं आणि बुडी मारून बाहेर येऊ देत नाही. माझं मत: दिवसा, किनाऱ्याजवळ, दोघं असताना फोमचं 50 न्यूटनचं जॅकेट किंवा दोरी ओढून हाताने फुगवायचं. रात्री, किंवा बोटीवर कुणी एकटाच जागा असेल तेव्हा हाताने फुगवायचं 150 न्यूटनचं, मांडीचे पट्टे लावून, सोबत सुरक्षा-दोर. तो सुरक्षा-दोर छातीकडच्या टोकाला ताणाखालीही सुटणारा हवा, आणि प्रत्येकाच्या अंगावर बोथट टोकाचा चाकू, खिशात नको, पट्ट्याला.

बोटीवरून माणूस पडला तर किलबोटीपेक्षा इथे घाई जास्त. 12 नॉट म्हणजे सेकंदाला 6 मीटर. दहा सेकंद गोंधळलात की माणूस 60 मीटर मागे, आणि लाटांत डोकं दिसत नाही. बोट थांबवण्याचा सराव पहिल्याच आठवड्यात करा: दोन्ही शीट सोडा, जिब गुंडाळा, बोट वाऱ्याकडे वळवा. पाण्यातून वर चढायला मागच्या बाजूला दोराची शिडी असू द्या, तिची खालची पायरी पाण्यात अर्धा मीटर तरी खाली जाईल अशी. दोघंही आळीपाळीने कपड्यांसकट पाण्यात उतरून वर चढून बघा. तिसऱ्या माणसाची मदत न घेता.

संपर्कासाठी पाच-सहा वॉटचा, पाण्यात तरंगणारा व्हीएचएफ, संकटात हाक मारायला चॅनेल 16. त्याला परवाना लागतो, तो काढा. बसलेल्या माणसाच्या हातातून त्याची मजल थोड्याच मैलांची, डोलकाठीवर अँटेना असेल तर बरीच वाढते. मोबाइल किनाऱ्याजवळ चालतो, पण दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554, सागरी पोलिसांचा 1093. पीएलबी इथे नोंदवून घ्या, त्याचे संदेश बंगळुरूला इस्रोच्या केंद्रात येतात आणि नोंद नसलेल्या यंत्राचा मालक शोधण्यात वेळ जातो. परदेशी व्हिडिओ बघून उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं खिशातलं यंत्र मागवू नका. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय ते जवळ बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, त्यावरून पर्यटकांना अटक झालेली आहे. बोटीची नोंदणी आणि जलमार्गाच्या परवानग्या मेरीटाईम बोर्डात पुऱ्या करा आणि त्यांच्या प्रती जलरोधक पाकिटात बरोबर ठेवा. समुद्रात तपासणी होते.

नांगर दोन. चिखल-वाळूला रुंद पात्यांचा डॅनफोर्थ पद्धतीचा, आणि खडकाला कोळी वापरतात तसा चार बोटांचा छोटा. दोराची लांबी मोजताना ओहोटीची खोली धरू नका. मुंबईच्या आसपास उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या घरात चढतं. ओहोटीला 4 मीटर पाण्यात नांगर टाकलात तर भरतीला साडेआठ, नाळेची उंची धरून नऊ, आणि पाचपट धरली तरी 45 मीटर दोर लागतो. सहा मीटर साखळी आणि 50 मीटर दोर घ्या. दोन्ही उलांड्यांच्या नाळेपासून व्ही आकाराचा दोर घालून त्यावर नांगर दिला की बोट डोलत नाही, शांत उभी राहते. ट्रायमरानचं हे सुख किलबोटीला नाही.

आउटबोर्ड मोटर चार ते सहा अश्वशक्तीची पुरे, पण लांब शाफ्टची. आखूड शाफ्ट लाटेवर हवेत फिरतो. पेट्रोलकडे लक्ष द्या. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते हवेतली ओल शोषतं, आणि महिनाभर टाकीत राहिलं की पाणी-इथेनॉल तळाशी वेगळं होतं. ऐन खाडीच्या तोंडावर मोटर बंद पडण्याचं नेहमीचं कारण तेच. ताजं पेट्रोल, पाणी गाळणारा फिल्टर, आणि परतल्यावर कार्बोरेटर रिकामा करून ठेवणं.

वजनाबद्दल दोन ओळी. या आकाराचा ट्रायमरान माणसं धरून साधारण अडीचशे-तीनशे किलो वाहतो, नेमका आकडा बोटीच्या कागदात बघा. बर्फाची पेटी, दोन पाहुणे, वीस-वीस लिटरचे कॅन चढवले की उलांड्यांची उरलेली तरंगण्याची ताकद संपते. पाणी मात्र कमी करू नका: माणशी दिवसाला चार लिटर.

आता वाट. मुंबई बंदराच्या तोंडावर मोठ्या जहाजांचा मार्ग आहे, आणि अरुंद मार्गात 20 मीटरपेक्षा लहान बोटीने त्यांची वाट अडवायची नसते. शिडावर आहोत म्हणून हक्क आपला, हे तिथे विसरा. मांडव्याहून निघताना हा त्रास कमी. पुढे खांदेरी-उंदेरी, मग अलिबागसमोर चौल-काडूचा खडक. त्याच्या खुणेच्या खांबापासून लांब, समुद्राच्या बाजूने जा. खरा अडथळा जाळ्यांचा. उत्तर कोकणात डोल जाळी (पिशवीसारखी) रोवलेली असतात, गिलनेट (पाण्यात उभी सोडलेली लांब जाळी) पसरलेली असतात, आणि त्यांचे बोये म्हणजे कधी थर्मोकोलचा तुकडा, कधी काळा कॅन. अंधारात दिसत नाहीत, म्हणून पहिला प्रवास पूर्ण उजेडातला ठेवा. बोया दिसला तर कोणत्या बाजूला जाळं आहे ते ओळखून वळसा घाला. जाळ्याच्या वर आलातच तर शिडं सोडा, मोटर बंद, बोर्ड आणि सुकाणू वर उचला आणि वाहत पलीकडे जा. उचलता येणारं सुकाणू यासाठीच हवं, त्याला टक्कर झाल्यावर तुटणारी पिन असते. अशा पिना चार-पाच जवळ ठेवा. जाळं कापू नका. कापावंच लागलं तर किनाऱ्यावर जाऊन कोळ्याला सांगा आणि पैसे द्या. उद्या ओढायला तोच येणार आहे.

वाटेत रेवदंड्याला कुंडलिकेची खाडी आहे, पण तिच्या तोंडावर वाळूचा पट्टा आहे. ओहोटीचं पाणी बाहेर आणि दुपारचा वायव्येचा वारा आत, अशा वेळी तिथे उभ्या लाटा फुटतात. ट्रायमरान लाटेवर घसरत जातो, आडवा होतो, उलटतो. कोकणातल्या सगळ्याच खाड्यांत शिरायची वेळ म्हणजे भरती चढत असतानाची, तीही शेवटच्या दोन तासांतली. मुरुडची खाडी पश्चिमेला उघडी आहे, रात्रीच्या मुक्कामाला जंजिऱ्याला वळसा घालून राजपुरीच्या खाडीत आगरदांड्याकडे जा.

पहाटे मतलई वाऱ्यावर निघा, तो बाजूने मिळतो आणि पाणी सपाट असतं. येताना दुपारचा वायव्येचा वारा थेट तोंडावर असेल, त्यामुळे परतीला पूर्ण दिवस आणि हाताशी एक राखीव दिवस ठेवा. सोमवारी ऑफिस आहे म्हणून रविवारी संध्याकाळी निघालेल्या बोटीच अडचणीत येतात. निघताना हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉईसचा लाटांचा अंदाज, दोन्ही बघा. मे संपता संपता येणारे वादळी झपाटे आणि पावसाळा यांच्याशी या बोटीचा संबंध नको. निसर्ग वादळ 3 जून 2020 ला याच किनाऱ्यावर आलं होतं.

पैशाचा क्रम मी असा लावेन. आधी तारा, सांध्यांच्या पिना, झाकणं आणि जाळ्या. मग कॅम क्लीट आणि दुसरी रीफ. मग जॅकेटं, पीएलबी, व्हीएचएफ. मग नांगराचा दोर. चार्टप्लॉटर (सागरी नकाशा दाखवणारा पडदा) पुढच्या वर्षी, तोवर फोनवरचा नकाशा आणि एक साधं होकायंत्र पुरतं. आणि तुमच्या बोटीबरोबर मोठा रंगीत स्पिनेकर (मागून वारा असताना लावायचं फुग्यासारखं शीड) आला असेल, तर तो हा हंगामभर घरच्या माळ्यावर राहू द्या.